रुमालाखाली

त्रिशला मगदूमबाई सांगलीत परतल्या
तेव्हा वर्षभर सगळ्यांनी एकच विचारलं :
सिंह बघितले का?
बाई म्हणायच्या, नाही. पावत्या बघितल्या.

पावत्या, जकातीच्या वह्या,
लामूच्या एका घरात वाळवीनं अर्धं खाल्लेलं
वजनांचं चोपडं.
नऊ वर्षं घालवली त्याच्यावर,
नोकरी सांभाळून, आईचा दमा सांभाळून,
दोनदा नाकारलेला व्हिसाचा फॉर्म
तिसऱ्यांदा त्याच निळ्या शाईनं भरून.

कॉलेजात आफ्रिकेचा पेपर ऐच्छिक.
एक्क्याऐंशी साली तो घेणारा मी एकटा,
तोही वेळापत्रकात दुसरं काही बसेना म्हणून.
एका पोरासाठी बाई फळ्यावर अख्खा किनारा काढायच्या,
मोगादिशूपासून सोफालापर्यंत,
तास संपला की स्वतःच पुसायच्या.
दिवसभर त्यांच्या कोपराला समुद्र लागलेला असायचा.

"मंजानो म्हणजे हळद.
पिवळ्या रंगालाही तिकडं हळदीचंच नाव.
पैशाला पेसा, हिशेबाला हेसाबू.
आता सांग, शब्द आधी गेले की माल?
आणि माणसं?
ती स्वतःहून चढली जहाजात, की मोजून भरली?"
मला वाटायचं, हे परीक्षेला येणार नाही.

एकदा म्हणाल्या, हरिपूरला ने, हळदीचं पेव बघायचंय.
हमालानं तोंड उघडलं. आम्ही तासभर लांब बसलो.
मग त्यानं दोरीनं कंदील आत सोडला.
ज्योत विझली तर माणूस उतरवायचा नाही.
बाईंनी कार्डावर लिहून घेतलं.
सहामाहीत प्रश्न आला :
जुन्या दप्तरात उतरण्यापूर्वी इतिहासकाराने काय सोडावे?
मी लिहिलं, कंदील.
दहापैकी सात.
तीन कुठं गेले विचारलं, तर म्हणाल्या,
विझल्यावर काय करायचं, ते लिहिलं नाहीस.

चोपडं ज्याच्याकडं होतं तो म्हातारा
सहा दिवस दाखवेना.
सातव्या दिवशी बाईंनी त्याच्या उपरण्याखाली हात घातला.
बाईंचे वडील मार्केट यार्डात तोलाईदार,
लहानपणी त्यांचा डबा घेऊन जाताना
रुमालाखालचा सौदा त्या बघत आलेल्या :
तर्जनी धरली की एक, पंजा धरला की पाच.
म्हाताऱ्यानं पंजा धरला.
पाच काय?
पाच प्रश्न.
पहिला : कुणाची मुलगी?
तोलाईदाराची, बाई म्हणाल्या.
पुढचे चार त्यांनी मला कधी सांगितले नाहीत.

चोपड्यात एक ओळ होती :
हस्तिदंत नग बारा, कापड गाठी चार, बायका तीन.
बायकांपुढं वजन लिहिलेलं.
एवढीच ओळ.
बाईंचं पुस्तक तिथून सुरू होतं
आणि तिनशे पानं तिच्यापासून लांब जात नाही.
दोनशे प्रती छापल्या.
साठ त्यांच्या पलंगाखाली होत्या.

दोन हजार पाचला पाणी चढलं,
हरिपूरची पेवं आतल्या आत ढासळली,
गावभागात बाईंच्या कार्डांचे खोके तरंगले.
मी सगळी कार्डं अडतीत आणली,
ताडपत्रीवर पसरली, पंखे लावले.
वाळली, पण कडेपर्यंत पिवळी होऊन.
बाईंनी एक उचलून नाकाला लावलं.
मंजानो, म्हणाल्या.
हसल्या नाहीत.

आता सौदा स्क्रीनवर होतो. बोटांना काम नाही.
परवा शोकसभेत अध्यक्ष म्हणाले,
अंधाऱ्या खंडात बाईंनी दिवा नेला.
मी मागच्या रांगेत.
दिवा तिथली हवा बघायला असतो साहेब,
आधी आपण उतरण्याजोगे आहोत का ते कळायला,
असं ओठावर आलेलं,
पण चहाचे कप फिरायला लागले होते.
मी मांडीवरच्या रुमालाखाली
माझीच तर्जनी धरून बसलो.
एक.
कुणाचा विद्यार्थी?