सवय होईल

पत्र आलं तेव्हा कुओपिओचं तळं अजून गोठलेलंच होतं.
हिल्काने ते उभ्याउभ्या वाचलं, हातमोजेही न काढता:
पुढच्या ब्रेकच्या सिलिंडरमधला पिस्टन,
बोटाच्या पेराएवढा,
आतून झिजतो, दाब धरत नाही.
गाडी चालवू नका. बदलून मिळेल, फुकट.

गाडी तर तिने सप्टेंबरातच विकलेली.
मुलगा इसाल्मीचा. नाव काय बरं, वेसा? वेइक्को?
कानांवर ओढलेली टोपी, दोनदा मोजलेल्या नोटा.
अंगणात एक चक्कर मारून म्हणाला होता,
लिव्हर जरा मऊ लागतो.

आणि ती, सहा वर्षं तोच लिव्हर दाबत आलेली,
म्हणाली होती, सवय होईल.

खोटं नव्हतं. तिला झालीच होती.
उतारावर दोन बोटं आधीच तयार,
वळणाच्या अलीकडे,
भीतीच्याही अलीकडे.

आता फडताळातले कागद उपसते.
पावती सापडते; शेवटचा आकडा पुसट,
एक की सात?
एक लावून बघते. कुणी म्हातारा उचलतो,
चुकलात म्हणतो, पण ठेवत नाही,
तिकडे थंडी किती, विचारत राहतो.

मग सात.
रिंग वाजते.
छपरावरचा बर्फ सुटून पडतो, थप्पकन.
रस्ते मोकळे व्हायला तीन आठवडे तरी आहेत.
रिंग वाजते.