तेवीस

अंबाजोगाईच्या कॉलेजात, शरीररचनेच्या म्युझियममध्ये
मन्मथअप्पा दर सोमवारी बरण्या पुसायचे.
फडकं एकच, जुन्या धोतराचं,
आणि फॉर्मलिननं बोटांची पेरं
खिशात धुतल्या गेलेल्या पावतीसारखी.

वरच्या फळीवर मेंदू, आठवड्यांच्या क्रमानं.
बारा. सतरा. तेवीस. एकतीस. चाळीस.
परीक्षेच्या आदल्या रात्री आम्ही किल्ली मागायला जायचो
तेव्हा अप्पा आपल्या पद्धतीनं शिकवायचे:
“पेशी आतून निघतात बगा. धारूरच्या जीपगाडीवानी.
आधी आला त्यो खालच्या बाकड्यावर.
मागून आला त्यानं त्याला वलांडून टपावर जायाचं.
अन् कुणी कुणाला शिवी देत नाही.”

सतरा म्हणजे भिजवून सोललेला शेंगदाणा.
तेवीसही गुळगुळीत, कडेला एकच खाच,
कुणी नख रुतवून विसरून गेल्यासारखी.
एकतीसला भेगा दिसू लागतात, एप्रिलातल्या काळ्या रानाला पडतात तशा;
पण रान सुकून फाटतं,
हा वाढतो, आणि जागा पुरत नाही म्हणून दुमडतो.
चाळीसच्या तर नुसत्या घड्याच घड्या.

“अन् हे समदं ऱ्हात नाही,” अप्पा म्हणायचे.
“आधी दाट पेरायचं, मग विरळणी.
ज्या वाटंनं कुणी जात नाही, ती मोडून टाकायची.
माझ्या आईची कानडी अशीच गेली माझ्यातून.
कवाकवा सपनात कुणी बोलतं.
मला कळत नाही, पण मी मान हलवतो.”

त्या वर्षी अहमदपूरला महानंदाला दिवस गेले.
अप्पांचं पुसणं हळू झालं.
तेवीसची बरणी ते भिंतीकडं तोंड करून ठेवायचे,
आम्ही फिरवायचो,
ते पुन्हा.

एकदा व्हरांड्यात मला थांबवलं.
“लेकराला ऐकाया कवा येतं, डॉक्टर?”
(मी तेव्हा दुसऱ्यांदा नापास झालो होतो.)
मी कानशिलाच्या वर बोट ठेवलं, माझ्याच,
म्हणालो, पंचविसाव्याच्या आसपास. पुस्तकात तसं आहे.

मग रात्री नऊनंतर, फुकटच्या मिनिटांत,
हॉस्टेलच्या पाण्याच्या टाकीमागं अप्पा उभे:
“फोन पोटाला लाव. लावला का?”
पाळणा त्यांना एकही येत नव्हता.
तीस वर्षांत पाठ झालेलं तेवढंच म्हणायचे,
कंडक्टरनं थांबे सांगावेत तसं, प्रत्येक नावानंतर जरा थांबून:
पॉन्स.
थॅलॅमस.
हिप्पोकॅम्पस.
पलीकडं महानंदा हसायची.
हसणंही पोचत असणार आत, शब्दांच्या आधी.

पोरगी झाली. डोकं चौतीस सेंटीमीटर.
अप्पांनी स्वतःच्या टेपनं मोजून चिठ्ठीवर लिहून आणलं होतं,
पेढ्याबरोबर चिठ्ठीही दाखवत फिरले.

पुढच्या सोमवारी त्यांनी तेवीसची बरणी खाली उतरवली,
टेबलावर ठेवली, तोंड आमच्याकडं करून.
रजिस्टर उघडलं. नाव नाही. गाव नाही.
आईच्या रकान्यात एक तिरकी रेघ.
“तेवीसच लिवलंय न्हवं?” बोट आकड्यावरच.
“म्हंजी ह्येला ऐकाया आलं नसंल.”

मी हो म्हणालो.

आठवडे आईच्या आठवणीवरून मोजतात,
त्यात एकदोन इकडंतिकडं होतात,
हेही पुस्तकात आहे.

अप्पांनी फॉर्मलिन काठोकाठ भरलं,
आणि झाकण फिरवून बसवलं
अगदी हळू,
काचेवर काच वाजू न देता.