शून्य नंबरचा पाव

कुताइसीत पहाटे साडेतीनला
भट्टी तापेपर्यंत मी रिकामी असते.
बेका त्याचा जुना लॅपटॉप इथेच सोडून गेलाय;
बटणांच्या फटींत आता मैदा.

'मावशी, पायथॉन शीक, सोपं आहे.'
पाणी उथळ आहे, हे पोहता येणारेच सांगतात.

पहिल्या दिवशी एक अवतरणचिन्ह मिटायचं राहिलं
आणि सगळं लाल.
दुसऱ्या दिवशी अक्षर न् अक्षर बरोबर, तरी लाल:
वरच्या ओळीआधी चार जागा सोडलेल्या,
खालच्या ओळीआधी तीन.
रिकाम्या जागेचाही हिशेब मागणारं
आमच्या गल्लीत दुसरं कोणी नाही.

आज यादी.
गिऱ्हाइकांची नावं, येतात त्या क्रमानं.
एक नंबर मागितला,
तर आली गुलिको. ती तर दुसरी येते!
बेकाला फोन करून झोपेतून उठवलं.
'मावशी, मोजणी शून्यापासून,' म्हणाला, आणि घोरायला लागला.

आम्ही विसाच्या पटीत मोजणारी माणसं,
ऐंशी म्हणजे आमचे चार वीस.
शून्याला कोण कशाला रांगेत उभं करेल?

भट्टी तापली.
पहिला पाव आतल्या भिंतीला थापला, काढला,
झाडूवाल्या अंझोरच्या हातात दिला.
वहीत लिहिला नाही.
बावीस वर्षं लिहिलेला नाही.
वहीतला एक नंबर त्याच्यानंतर सुरू होतो.

हात तसेच पिठाचे,
चौकोनी कंसात शून्य टाकलं:
अंझोर.

बाहेर तो फुंकर मारत
गरम कड मोडत होता.