तार

दादरच्या मंडईतून पाच किलो भेंडी घेते.
भाजीवाली विचारते, "लग्नकार्य काय, ताई?"
सांगते, आम्ही बुळबुळ ठेवून घेतो, भेंडी फेकून देतो.
ती पिशवी भरताना हसते.
तिची सगळी गिऱ्हाइकं आमसूल टाकून बुळबुळच घालवतात.

माटुंग्याच्या प्रयोगशाळेत
रात्रभर भिजलेल्या पाण्याला सकाळी तार सुटलेली असते,
चमचा उचलला की मागोमाग येते.
पंचेचाळीस अंशांवर त्यात चिमूटभर एन्झाइम,
आणि घड्याळ.
दुसऱ्या मिनिटाला आकडा घसरतो,
दहाव्याला अर्ध्यावर,
चाळिसाव्याला चंचुपात्रात नुसतं पाणी, जरा हिरवट.
काही जळलं नाही, उडून गेलं नाही,
लांब साखळ्या जागोजाग कापल्या गेल्या
आणि प्रत्येक तुकड्याला नवं टोक आलं.
ती टोकं मोजतो आम्ही:
पिवळं द्रावण उकळलं की विटकरी होतं,
जितकी टोकं, तितकं गडद.

सिक्वेरा मॅडम म्हणतात, वेळेत थांबव. नव्वद अंश, दहा मिनिटं.
कापणाऱ्याला स्वतःहून थांबता येत नाही.

अप्पा बाइंडर होते, गिरगावात.
मोरचूद घातलेली खळ शिजली की
अंगठा नि तर्जनीत धरून बोटं हळूच उघडायचे:
"धरली तार."
नसेल धरली तर पुस्तक उसवणार,
हे त्यांना कुठल्या मीटरशिवाय कळायचं.

फेब्रुवारीपासून त्यांना साधं पाणी चालत नाही.
पातळ घोट वाट चुकतो,
मग ठसका, मग ताप, मग पुन्हा वॉर्ड.
पाणी घट्ट करून द्या, म्हणाले.
मी कॉर्नफ्लोअर शिजवलं.
दोन चमचे नीट उतरले.
चमचा तोंडात, तोंडातून वाटीत,
बघता बघता वाटीत पुन्हा पाणी.
लाळेतही असतो एक कापणारा,
पिठाची साखळी त्याला पाठ असते.
आणि मी, दिवसभर दुसरं काय करते?

भेंडीची गाठ लाळेला सुटत नाही.
म्हणून दिवसा जे मोडते
तेच रात्री वडाळ्याच्या ओट्यावर
फडक्यातून गाळून ठेवते,
अख्खं.

काल वाटी पुढे केली.
उजवा हात उठत नाही;
डाव्याची दोन बोटं त्यांनी बुडवली,
ट्यूबलाइटसमोर धरून
हळूच उघडली.
शब्द आला नाही. तार आली,
केसाएवढी,
आणि ती कुठवर टिकते ते
बघत बसले.
पाणी तसंच राहिलं.