पात्र

खिडकी क्रमांक तीन, गंगापूर रोडचं कॉलेज.
एकवीस वर्षं मी इथेच बसतो.
जाळीतून हात येतात, हातात गुणपत्रिका;
मी चेहऱ्याआधी टक्केवारी बघतो.
सवय आहे.

केतकी तांबट, बीएस्सी, दुसरं वर्ष.
एकोणसाठ पूर्णांक सदुसष्ट.
शिष्यवृत्तीची अट साठ.
संगणकाने ओळ लाल केली
आणि शेवटच्या रकान्यात आपणहून लिहिलं : अपात्र.

सर, सहाशेत दोनच मार्क कमी पडलेत, ती म्हणाली.
हिशेब बरोबर होता तिचा.
फिजिक्सचं प्रॅक्टिकल होतं त्या सकाळी
निमाणीहून सुटलेली बस अशोकस्तंभावर अडकली,
पोहोचेपर्यंत अर्धी रीडिंग्ज घेऊन झाली होती बाकीच्यांची.
हे लिहायला फॉर्मात रकाना नाही.
मी दोनदा बघितलं.

दुसऱ्या दिवशी वडील आले, तांबट आळीतले.
बोटांच्या पेरांत चिंचेचा नि राखेचा वास,
ठोक्यांनी एक कान गेलेला, म्हणून मोठ्याने बोलले :
"साहेब, पोचा आलेलं भांडं आम्ही
लगेच मोडीत नाही काढत.
आतून आधार धरायचा, बाहेरून दोन ठोके,
झालं."
मागची रांग हसली.
केतकी चपलेचा तुटका बंद बघत राहिली.

बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला माझे साठ होते.
बरोबर साठ.
इंग्रजीच्या पेपरावर आठाचे दहा करून
शेजारी कुणीतरी सही मारलेली,
लफ्फेदार, न लागणारी.
त्या पैशांत दोन वर्षं खोलीचं भाडं निघालं, पुढे ही खुर्ची.
तो माणूस कोण, मी कधी शोधलं नाही.

आणि मी सही करणाऱ्यांतला नाही.
मी नुसता पुनर्मूल्यांकनाचा अर्ज सरकवला,
मुदत शुक्रवार, संध्याकाळी पाच,
आणि तिचा आसन क्रमांक माझ्या पेनाने
सावकाश, घोटून लिहिला.

घरी जाताना होळकर पुलावर गाड्या तुंबलेल्या.
खाली गोदावरी : कडेला शेवाळ, मधे सिमेंट,
पाणी हातभर.
तरी सगळे त्याला पात्रच म्हणतात.

आज शुक्रवार. पाचला दहा कमी.
रांग संपली, शिपाई दोनदा डोकावून गेला.
कुलूप हातात घेऊन बसलोय.
जिन्यावर कुणाची तरी चप्पल वाजतेय,
एकाच पायाची, फटक फटक.