शेरा

अप्पा गेल्याला दोन वर्षं झाली.
उमदीच्या चावडीत, दुपारी, सर्व्हर चालू असताना
(हा योग वर्षातून चारदा येतो),
मी सातबारा बाजूला सारला
आणि सरकारचंच दुसरं पान उघडलं:
तेलाच्या, वायूच्या विहिरी. सगळी राज्यं. सर्वांना खुलं.

अप्पा गावात सांगायचे, आसामात विहिरीवर असतो.
लोक विचारायचे, पाणी किती परसावर लागलं?
अप्पा म्हणायचे, लागू नये म्हणून तर पगार आहे.
कोणी हसायचं नाही.
आमच्या भागात पाण्यावर कोणी हसत नाही.

डायरीत विहिरीचं नाव होतं ना-४७.
टाकलं. नोंद आढळली नाही.
मी तलाठी. हे वाक्य मी लोकांना रोज ऐकवते,
मला ऐकवणारं कोणी भेटलं नव्हतं.
आडवी रेघ काढून टाकली. आधी एक शून्य लावलं, मग दोन.
क्षेत्राचं नाव अप्पा जसं म्हणायचे
तसं कुठल्याच कागदावर नव्हतं;
त्यांची जीभ अर्धी कानडी, अर्धी जतची,
तिच्यावर परमुलखातली चौदा वर्षं.
शेवटी नकाशाच ओढत नेला
नदीच्या त्या वळणापर्यंत
जे त्यांनी डायरीत काढून ठेवलं होतं, होडीसकट.
हिरवे ठिपके. बरेच लाल.
एक राखाडी.

खोली २३१२ मीटर.
खोदाईला सुरुवात ऑगस्ट ८६.
सद्यस्थिती: बुजवून सोडलेली.

बुजवून.
आमच्याकडे विहीर बुजवणाऱ्याच्या दारात
म्हातारी माणसं पाणी पीत नाहीत.

खाली स्कॅन केलेले कागद, तिरके, कडांना वाळवीचे दात.
चिखलाचं वजन दर चार तासांनी लिहिलेलं.
मशीनचा नंबर होता, ठेकेदार होता,
डिझेल किती बॅरल, पाऊस किती मिलिमीटर.
रेवणसिद्ध गुरबसाप्पा बिरादार कुठेच नाही.
मी पानं उलटत राहिले. बाहेर शिपाई
वारसनोंदीसाठी आलेल्या दोघांना म्हणाला,
मॅडम कामात आहेत. खोटं नव्हतं.

मग शेऱ्याच्या रकान्यात, ओल्या हाताने लिहिल्यासारखं:
१२ ते १४ नोव्हेंबर, काम बंद.
विहिरीत लोखंडी वस्तू पडली.
चुंबक सोडला, जबडा सोडला. निघाली नाही.
वस्तू कोणती, अज्ञात.
कोणामुळे, नोंद नाही.

मी डायरी काढली.
११ नोव्हेंबर. रात्रपाळी. थंडी फार. पाना.
एवढंच. पुढची तीन पानं कोरी,
आणि चौथ्या पानावर एकदम किराणा.

घरी बत्तीस नंबरचा पाना कधीच नव्हता.
पेटीत सगळे ओळीने, सत्तावीस, तीस,
मग एक खाच, कापडात तेवढाच आकार दबलेला.
लहानपणी विचारलं तर म्हणायचे, दिलाय एकाला.

माझ्याकडे फेरफाराची वही आहे.
नोटीस काढायची, पंधरा दिवस थांबायचं,
हरकत आली नाही तर नोंद मंजूर.
कोणाला नोटीस काढू?
त्या रात्रीचा सुपरवायझर, नदी, पाऊस किती मिलिमीटर?
मी फक्त प्रिंट काढली. शाई संपत आलेली,
२३१२ मधला तीन जरा फिकट आला.

संध्याकाळी अव्वाला वाचून दाखवलं.
ती शेंगा फोडत होती. फोडत राहिली.
म्हणाली, परसात सांग.
सहा फुटांचा परस धरला तर बाराशे चौसष्ट, मी म्हटलं.
तिने मान वर करून घराच्या आढ्याकडे बघितलं,
मग आढ्याच्या पलीकडे,
जणू खोली तिकडेच मोजायची असते.

गंजला असेल की गं, म्हणाली.

नाही अव्वा. वरून सिमेंट ओतलंय.
तिथं हवा जात नाही.

मग ठीक आहे, म्हणाली,
आणि एक चांगली शेंग माझ्याकडे टाकली.