आकड्याआधीचा एस

बेरिकच्या इस्पितळात मी आणि जिलियन
एकाच वॉर्डात रात्रपाळी करतो.
पगार तोच, हुद्दा तोच,
पहाटे तीनला त्याच मशीनचा करपट चहा.
महिनाअखेर मात्र तिच्या हातात
ऐंशीएक पौंड जास्त पडतात,
कारण ती झोपते ट्वीडमाउथला
आणि मी कोल्डस्ट्रीमला,
पूल ओलांडून, स्कॉटलंडात.

माझ्या टॅक्स कोडच्या आकड्याआधी एक एस असतो.
पहिल्यांदा पाहिला तेव्हा वाटलं,
सुनेत्राचा असेल.
जिलियन इतकी हसली
की सात नंबरचे आजोबा जागे झाले.

बाबा मिरजेत जकात नाक्यावर कारकून होते.
गुळाची ढेप हद्दीच्या चार पावलं अलीकडे असली
की नुसता गूळ,
चार पावलं पलीकडे सरकली की माल.
लगेच पावती फाटायची.
संध्याकाळी शर्टाच्या बाहीला वास यायचा गुळाचा
आणि कार्बन पेपरचा.
आज ते असते तर
माझी पगाराची स्लिप उजेडाकडे धरून म्हणाले असते,
"म्हणजे ढेप तू."

हेरंबने पाकिटाच्या पाठीवर हिशोब मांडला.
वर्षाचे हजारभर पौंड,
दहा वर्षांचे दहा हजार,
त्यावर व्याज, आणि शेवटी दोन रेघा
इतक्या जोरात ओढलेल्या की कागद फाटला.
म्हणून रविवारी आम्ही नदीपलीकडे घर पाहायला गेलो.

पुलाच्या आपल्या टोकाला टोलचं जुनं घर आहे.
इंग्लंडातून पळून आलेल्या जोडप्यांची
पूर्वी तिथे घाईघाईने लग्नं लागत.
आम्ही पळून आलो नव्हतो,
छत्तीसपैकी सव्वीस गुण जुळवून आलो होतो
आणि आता उलट दिशेने चाललो होतो
दीड टनाच्या गाडीतून,
दराच्या ओढीने.

घर बरं होतं.
एजंटने नळ सोडून दाखवला, बंद करून दाखवला.
हेरंब पोटमाळ्यावर गेला, ओल शोधायला.
मी मागच्या खिडकीशी उभी राहिले.
चार वाजताच अंधारून आलेलं,
खाली ट्वीड, काळी, पावसाने फुगलेली,
आणि पलीकडे, चढावर, एक पिवळा चौकोन.
स्वयंपाकघरातला दिवा चालूच राहिला होता.
माझाच.
कुणा दुसऱ्याचं घर पाहावं
तसं मी ते पाहिलं.
खालच्या मजल्यावरच्या एल्स्पेथबाई
कचऱ्याचा डबा ओढत फाटकाशी नेत होत्या,
त्यांचा आणि आमचाही.
दम लागून मध्येच थांबल्या.
त्यांचा दम्याचा पंप तिकडे फुकट मिळतो.
ऋजुताची कॉलेजची फी तिकडे लागणार नाही.
हे पाकिटावर कुठेच नव्हतं.
जागाच उरली नव्हती, दोन रेघांमुळे.

सोमवारी मी टॅक्सच्या ऑफिसला फोन लावला.
चाळीस मिनिटं व्हायोलिन वाजलं,
मग एक तरुण मुलगा आला, सर्दी झालेला.
म्हणाला, तुमचं मुख्य घर कुठलं, ते महत्त्वाचं.
मी म्हटलं, रात्री मी इंग्लंडात असते, जागी,
आणि झोपते दिवसा, स्कॉटलंडात, पडदे ओढून.
तर जागरण कोणत्या देशात धरायचं?
तो बराच वेळ गप्प होता.
टाइप करत होता बहुतेक.
मग म्हणाला, "मॅडम, तुमचा टूथब्रश कुठे असतो?"

एजंटचे अजून दोन फोन येऊन गेले.
हेरंब म्हणतो, मार्चनंतर बघू.
पाकिट फ्रिजवर चुंबकाखाली आहे,
त्याच्यावर कुणीतरी लिहिलंय: दूध, कांदे, बल्ब.

काल पाळी संपवून पुलावर आले तेव्हा
नुकतं उजाडत होतं.
मधोमध, हद्द असते म्हणतात तिथे,
मेंढ्यांचा ट्रक बंद पडला होता.
निम्म्या मेंढ्या इकडे, निम्म्या तिकडे,
सगळ्याच ओरडत होत्या.
मी इंजिन बंद केलं
आणि डब्यातली उरलेली चपाती खात बसले.